मेजरांचा वंगाळ पट्टा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मेजरांचं नाव घेतो. आईवडलांचं घेत नाही, कारण त्यांनी केलं त्याला उपकार म्हटलेलं त्यांना आवडणार नाही. मेजरांनाही आवडणार नाही, पण ते आता पाटणच्या बाजूला त्यांच्या गावी असतात, तेव्हा लगेच येऊन मला दटावण्याची भीती नाही.

पहिली गोष्ट म्हणजे मेजर हे मेजर नव्हते. आमच्या सातारा-सांगलीकडं फौजेतून पेन्शनवर आलेल्या प्रत्येक माणसाला गाव मेजर म्हणतं, मग तो शिपाई म्हणून सुटलेला असो की सुभेदार. बाकीचे ते ऐकून मिशीत हसतात. हे मात्र नाईकाच्या हुद्द्यावरून सुटलेले, आणि प्रत्येक वेळी दुरुस्ती करायचे. विश्रामबागेतली भाजीवाली म्हणायची, "मेजर, मेथी ताजी हाय." हे म्हणायचे, "नाईक. मेजर लय लांब ऱ्हायला. दोन जुड्या दे." पुढच्या खेपेला ती पुन्हा मेजरच म्हणायची आणि हे पुन्हा नाईक म्हणायचे. मी तिथं होतो तोवर दोघांपैकी एकानंही माघार घेतली नव्हती.

दुसरी गोष्ट, मेजर विणायचे. लोकरीचं विणकाम, दोन सुयांवरचं. सहा फूट उंच, भरघोस मिशांचा माणूस, सदऱ्याच्या खिशात लोकरीचा गुंडा, हातात सुया, आणि चालता चालता टाके घालत चौकातून निघालेला. फौजेत असताना बर्फातल्या एका चौकीवर त्यांच्याबरोबर एक पहाडी शिपाई होता, त्यानं शिकवलं होतं. "त्येच्या गावात गडीमानसं मेंढरामागं चालता चालता इनत्यात," ते सांगायचे. "बर्फात बंदूक पुसून झाली की दुसरं काम काय हाय?" त्यांच्या डाव्या हाताची करंगळी वाकत नसे. तिच्यावरून धागा चांगला सुटतो, असं त्यांचं म्हणणं होतं. करंगळी का वाकत नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

त्यांची बायको, जिला मी काकी म्हणायचो, तिला हा प्रकार अजिबात पसंत नव्हता. ती शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "बायकांनी हातात घ्यायचं ते ह्यांनी घेतलंय, आन् माझ्या हातात दिलाय टॉर्च."

टॉर्चची गोष्ट खरी होती. माझी आणि मेजरांची पहिली भेट टॉर्चच्या उजेडातच झाली.

मी कडेगाव तालुक्यातल्या एका लहान गावातला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं दार बघितलेलं नव्हतं. वडील थोडी शेती करत आणि हंगामात स्वतःच्या बैलगाडीतून कारखान्याला ऊस वाहत. बारावी झाल्यावर बी.एस्सी.ला सांगलीत प्रवेश मिळाला आणि मी पत्र्याची पेटी घेऊन विश्रामबागेत खोली शोधत हिंडत होतो. कडूस पडलं होतं, दिवेलागण झाली होती. एका फाटकापाशी एक उंच माणूस कपाळाला टॉर्च लावून उभा. त्यानं झोत माझ्यावर टाकला, वरपासून खालपर्यंत फिरवला आणि म्हणाला,

"दिसत न्हाईस."

मी म्हणालो, "काका, मी इथंच आहे."

"हायस. दिसत न्हाईस. काळी विजार, निळा शर्ट, सावळा गडी. टेम्पोवाल्याच्या लेखी तू म्हंजी डांबर."

"मी खोली बघायला आलोय."

"आदी ह्ये घाल." त्यांनी खिशातून एक विणलेली करडी पट्टी काढून माझ्या दंडावर चढवली. "आता त्या कोपऱ्यापतूर जा आन् परत ये."

मी पेटी खाली ठेवून कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. टॉर्चचा झोत माझ्यावरच होता. "आता दिसतोस," मेजर म्हणाले, "चल, खोली दावतो." गच्चीवरची ती खोली पदवी मिळेपर्यंत माझी होती.

ती करडी पट्टी हाच मेजरांचा सगळा उद्योग. पट्टीत लोकरीबरोबर एक वेगळा दोरा असायचा. दिवसा बघितला तर राखेसारखा, निस्तेज. पण त्याच्यावर गाडीचा दिवा पडला की तो लख्ख पेटल्यासारखा दिसतो. रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या जॅकेटवर चकाकणारे पट्टे असतात ना, तशा जातीचा, फक्त विणता येईल असा दोरा. पूर्वी मेजर जुन्या जॅकेटांचे पट्टे बारीक कापून लोकरीत घालायचे आणि ते टोचायचे म्हणून लोक फेकून द्यायचे. तसला दोरा तयारच मिळतो हे मी मोबाइलवर शोधलं आणि तो मागवला, तेव्हा त्यांना माझ्या शिक्षणाचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

पार्सल आलं त्या दिवशी मात्र त्यांचं तोंड उतरलं होतं. "राख हाय ही," गुंडा हातात फिरवत ते म्हणाले. संध्याकाळी काकीनं टॉर्च धरला, बाजूला उभी राहून. "काय बी दिसत न्हाई. फसवलं तुमाला."

मेजर तिच्यावर खेकसले, "डोळ्यापाशी धर की! ड्रायव्हर काय कमरंतनं बगतोय?"

काकीनं टॉर्च कपाळाला लावला आणि तिच्या तोंडून "आगं बया!" एवढंच निघालं. ज्याच्या हाती दिवा असेल त्यालाच तो दोरा उजेड परत देतो, शेजारच्याला देत नाही. माझ्या पुस्तकात यावर एक प्रकरण होतं. मी ते मेजरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "कितव्या नंबरची सुई घ्यायची ते न्हाई का दिलेलं?"

हा दोरा विणायला वाईट. गुळगुळीत, सुईवरून घसरतो. घट्ट ओढला की मोडतो आणि चमकायचा थांबतो. मेजर तो लोकरीबरोबर सैल हातानं घ्यायचे, दोन सुलट, दोन उलट. त्यातून दंडाच्या पट्ट्या, कानटोप्या, मफलर, सायकलच्या कॅरिअरला बांधायच्या वाद्या निघायच्या. दूधवाला, पेपर टाकणारा, पहाटे फिरायला जाणारे पेन्शनर, सगळ्यांच्या अंगावर मेजरांचं काही ना काही असायचं. नको म्हणणाऱ्याला ते वाट अडवून घालायचे. कॉलनीतल्या मोकाट कुत्र्यांच्या गळ्यातसुद्धा पट्टे होते. त्यावरून समोरच्या बंगल्यातले गृहस्थ तक्रार घेऊन आले होते.

"मेजर, गाडीच्या उजेडात नुसती गोल कडी रस्त्यावर पळताना दिसतात हो. आमची सून घाबरली."

"नाईक," मेजर म्हणाले. "सूनबाई गाडी चालवत हुत्या का?"

"हो."

"मग ब्रेक मारला आसंल."

"मारला की."

"मग कुत्रं वाचलं. तिला चा पाज."

माणसांची विभागणी त्यांनी दोनच जातींत केली होती, दिसणारी आणि न दिसणारी. हे त्यांचं शास्त्र रस्त्यापुरतं नव्हतं. पहिल्या वर्षी मी वर्गात शेवटच्या बाकावर बसायचो. शहरातल्या मुलांसमोर तोंड उघडायची हिंमत नव्हती. आपली भाषा गावाकडची, हसतील. मेजरांच्या हे लक्षात आलं कसं, कोण जाणे. रोज संध्याकाळी जिन्यात गाठून विचारायचे, "आज दिसलास का?"

"म्हणजे?"

"काय इचारलंस का मास्तरला?"

"नाही."

"मग बसला हुतास, दिसला न्हाईस."

हे इतकं वाढलं की मी जिना चुकवायला लागलो. पण त्या घराला जिना एकच. शेवटी एका तासाला मी हात वर केला. काय विचारलं ते आठवत नाही, प्रश्न साधाच असणार. सरांनी उत्तर दिलं आणि मग विचारलं, "तुझं नाव काय रे?" मी त्यांच्या वर्गात आलो त्याला तेव्हा कितीतरी दिवस झाले होते. संध्याकाळी मेजरांना सांगितलं. सकाळी माझ्या दाराच्या कडीला एक कानटोपी अडकवलेली होती.

कानटोपी घालून मी एकदा त्यांना विचारलं, "काका, हे सगळं तुम्ही का करता?" आम्ही पायरीवर बसलो होतो. त्यांनी ओळ पुरी केली, सुया मांडीवर ठेवल्या. सुया खाली ठेवून बोललेले मेजर मी फार थोड्या वेळा पाहिले.

"सुट्टीवर आलो हुतो. फटफटी नवी. पाटणवरनं गावाकडं निगालो, कडूस पडल्यालं. वळान गेलं आन् फुडं एकदम ऊस. म्हंजी उसाची गाडी. मी मागनं घुसलो. ही करंगळी तवाची. माझं काय न्हाई, पर धक्क्यानं जू बैलाच्या मानंवर बसलं. बैल कायमचा गेला खांद्यात. गाडीवान म्हातारा हुता. मी रस्त्यात पडून वरडतोय त्येच्यावर, दिसला न्हाईस रं मला, दिसला न्हाईस! आन् त्यो बैलाच्या मानंवरनं हात फिरवत म्हनतोय, 'आवं मेजर, आमी हुतोच की हितं.'"

त्यांनी ती करंगळी चोळली.

"त्येचा बैल माझ्यापायी गेला, आन् त्यो मला मेजर म्हनला. तवापासनं त्यो शबूद मला सोसत न्हाई."

त्यानंतर मी त्यांना कधी मेजर म्हटलं नाही. इथं लिहितोय ते सगळ्यांना ओळख पटावी म्हणून.

माझे वडील उसाची गाडी हाकतात हे कळल्यापासून मेजर एका कामाला लागले होते. दुसऱ्या वर्षाचा सगळा पावसाळा ते आमच्या बैलजोडीसाठी विणत होते. लोकर आणायला मीच बरोबर गेलो होतो. दुकानदारानं कौतुकानं विचारलं, "आजोबा, बाळाचं करायचंय का? कितवा महिना?"

मेजर म्हणाले, "बैलाचं हाय. जुळी हायेत."

तांबडी, पिवळी, हिरवी लोकर आणि प्रत्येक ओळीत तो दोरा. चार शिंगांना चार टोप्या, मानेला दोन पट्टे. समोरून येणाऱ्याला बैल दिसले, पण मागून येणाऱ्याचं काय, म्हणून गाडीच्या मागं उसावर आडवा बांधायचा एक लांब रुंद पट्टा. त्याला खाली गोंडे. गोंडे काकीनं करून दिले, कारण "इतकं केलंच हाय तर उघडंबोडकं कशाला." दिवाळीच्या सुट्टीत मी तो सगळा साज घेऊन गावी गेलो.

घरात जणू लग्नाचा बस्ता आला. आईनं प्रत्येक वस्तू हातात घेऊन उलटसुलट बघितली. शेजारच्या बायका येऊन गेल्या. वडलांनी शिंगाची टोपी बोटावर घालून बघितली आणि म्हणाले, "इतकं चांगलं चिकलात कुटं घालायचं?" बेंदराला बैल सजवायचे असतात, तेव्हा घालू, असं ठरलं. टोप्या आणि मानेचे पट्टे डांबरगोळ्या घालून पेटीत गेले. मागचा लांब पट्टा आईनं तोरण म्हणून दारावर बांधला. दार खरंच शोभून दिसत होतं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडं चांगली वस्तू वापरायची नसते, ठेवायची असते.

हंगाम सुरू झाला. माझी परीक्षा तोंडावर आली होती. एका सकाळी गावाहून फोन आला. पहाटेच्या धुक्यात वडील ऊस घेऊन निघाले होते, मागून टेम्पो येऊन गाडीवर आदळला. वडील खाली फेकले गेले, पाय मोडला. बैल वाचले. टेम्पोवाल्यानंच त्यांना उचलून दवाखान्यात नेलं होतं.

मी खोलीत जाऊन पेटी भरली. पुस्तकंसुद्धा भरली. खाली मेजर पायरीवर होते.

"बा बरा हाय न्हवं?"

"बरे आहेत. पाय प्लास्टरमध्ये आहे."

"मग पुस्तकं कशाला घेतलीस?"

"परत येत नाही, काका. हंगाम आत्ता सुरू झालाय. गाडी दारात उभी राहिली तर घरात काय येणार? दुसरं कोण आहे हाकायला?"

मेजरांनी सुया गुंड्यात खुपसल्या, आत गेले आणि पिशवी घेऊन बाहेर आले. काकीला म्हणाले, "जाऊन येतो." काकी म्हणाली, "कवा येनार?" ते म्हणाले, "हंगाम झाल्यावर." मला ती थट्टा वाटली.

आम्ही एस.टी.नं गावी पोचलो तेव्हा अंधारून येत होतं. आमच्या बोळाच्या तोंडाशी मेजरांनी सवयीनं टॉर्च काढून कपाळाला लावला आणि समोर झोत टाकला. मी त्यांच्या खांद्यावरूनच बघत होतो म्हणून मलाही दिसलं, बोळाच्या पार टोकाला आमचं दार पेटून उठलं. तांबडं, पिवळं, हिरवं काहीच दिसत नव्हतं, नुसता पांढरा लखलखाट, खाली गोंड्यांची रांग. मेजर जागच्या जागी थांबले. ते चालत दारापर्यंत आले, पट्ट्याला हात लावून बघितला.

आई बाहेर आली. "या मेजर," ती म्हणाली. त्या दिवशी त्यांनी दुरुस्ती केली नाही.

"वहिनी, तुमचं दार लांबनं दिसतंय," ते म्हणाले. "गाडी दिसंना."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "चांगल्या वस्तूला चिकल लावायला हात हुईना वो."

आत वडील खाटेवर होते. मेजरांना बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. "आवं, टेम्पोवाला गरीब मानूस वो," ते सांगायला लागले. "दवाखान्यात सारका म्हनत हुता, दिसला न्हाई, दिसला न्हाई. मी म्हनलं, आरं बाबा, आमी हुतोच की तितं."

मेजर उठले आणि गोठ्यात जाऊन बसले. बैलांच्या मानेवरून हात फिरवत ते बराच वेळ तिथं होते. जेवायला बोलावलं तेव्हा आत येऊन त्यांनी एकच गोष्ट सांगितली.

"चूक माझी हाय. लय चांगलं केलं म्हनून त्ये पेटीत गेलं. आता आसं वंगाळ करतो की तुमी घरात घ्यायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आईकडून खताच्या पोत्याचा दोरा आणि सुतळी मागून घेतली, पिशवीतला उजेडाचा दोरा काढला आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून विणायला बसले. रंग नाही, गोंडा नाही. टाके ढोबळ, कडा वाकड्या. दुपारी जो पट्टा तयार झाला तो भिजलेल्या पोत्यासारखा दिसत होता. आईनं तोंडाला पदर लावला. "शी! ह्ये काय वो?"

"जमलं!" मेजर खुश झाले.

जेवताना मी म्हणालो, "उद्यापासून मी गाडी जुंपतो."

"तू सांगलीला जायचं. मी जुंपतो."

"काका, तुम्हाला कसं जमेल?"

"पाटनच्या खोऱ्यात बैलाची शेपूट धरून वाडलोय."

"पण आमच्यासाठी तुम्ही कशाला…"

"तुज्यासाटी कोन करतंय?" ते चिडले. "तिकडं त्या म्हाताऱ्याचा बैल गेला, तवा मी चार दिसांत सुट्टी संपली म्हनून निगून गेलो. त्येची गाडी कुनी हाकली मला ठावं न्हाई. आता ही हाकतो. तू तुजी परीक्षा दे. पेपरात दिस म्हंजी झालं."

वडील खाटेवरून म्हणाले, "जा रं. मेजर म्हनत्यात तर जा."

"नाईक," मेजर म्हणाले, आणि मग आम्ही सगळे हसलो.

पुढचं मी आईकडून आणि वडलांकडून तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं. बैलाची शेपूट धरून वाढल्याला फार वर्षं झाली होती. बैल मेजरांचं काही ऐकायचे नाहीत, आणि रागावले की मेजर फौजेतल्या हिंदीत हुकूम द्यायचे, ते तर बैलांना मुळीच कळायचे नाहीत. पहिले काही दिवस आई गाडीपुढं चालायची. कारखान्याच्या गाडीतळावर, जिथं सगळ्या गाड्या ओळीनं उभ्या राहतात, तिथं त्यांची रोज थट्टा व्हायची.

"मेजर, गाडीला पोतं नेसवलंय का पोत्याला गाडी?"

"नाईक. तुला बी करून देतो."

"नगं बाबा. बायकू घरात घ्यायची न्हाई."

"घ्यायचीच न्हाई. भाईरच ठिवायचं त्ये."

एका धुकट पहाटे आमच्या गाडीच्या पुढं-मागं बऱ्याच गाड्या चालल्या होत्या. मागून ट्रॅक्टर आला. तो इतर गाड्यांना अगदी घासून पुढं जात होता. आमच्या गाडीच्या मात्र कितीतरी मागंच तो हळू झाला आणि लांबून वळसा घालून गेला. हे सगळ्यांनी बघितलं. त्या दिवशी गाडीतळावर एका गाडीवानाची बायको मेजरांच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "दावा बरं कसं इनायचं."

मग दुसऱ्या आल्या. मेजर गाडीच्या जुवावर बसून शिकवायचे. सुया नव्हत्या तिथं सायकलच्या तारा घासून घेतल्या. नियम एकच, शोभेचं काही करायचं नाही. कुणी हौसेनं लाल धागा घातला की ते पट्टा हातात घेऊन सरळ उसवायचे. दोरा संपला की मी सांगलीहून पाठवायचो. काकीसुद्धा विणायला लागली होती, पण तिचे पट्टे परत यायचे. तिची चिठ्ठी घेऊन मीच एकदा गेलो होतो: "माझे टाके सरळच येतात. वाकडे कसे काढायचे ते कळवा." मेजरांनी तिचा पट्टा बघितला आणि मान हलवली. "लय सुबक झालंय. ह्यो दारावर जानार."

मी परीक्षा दिली, पास झालो. हंगाम संपल्यावर मेजर विश्रामबागेत परत आले. काकी दारातच नाक मुरडून म्हणाली, "कपडे भाईर काढा, मळीचा वास मारतोय." आणि लगेच पाणी तापवायला गेली. पुढच्या बेंदराला मात्र आईनं पेटीतल्या रंगीत टोप्या बैलांच्या शिंगांवर चढवल्या आणि मेजर-काकींना जेवायला बोलावलं. गोंड्यांचा पट्टा आजही आमच्या दारावर आहे. तो काढू नका, असं मेजरांनीच सांगितलं. "पोरगं लांबनं येतंय, दार दिसू दे."

मला पदवी मिळाली त्या दिवशीचा एक फोटो माझ्याकडं आहे. मध्ये मी, एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला मेजर. मेजरांनी तिघांनाही स्वतः विणलेल्या कानटोप्या घालायला लावल्या होत्या. फोटोग्राफरनं फ्लॅश मारला. फोटोत आमचे चेहरे काळेठिक्कर आणि टोप्या पेटलेल्या. फोटोग्राफर ओशाळून दुसरा काढतो म्हणाला. मेजरांनी त्याच्या हातातून कॅमेरा घेऊन बघितलं. "नगं," ते म्हणाले. "तिगंबी दिसत्यात."

आता मी साताऱ्यात नोकरीला आहे. मेजर आणि काकी सांगलीचं घर मुलीकडं सोपवून गावी राहतात. मोबाइल आहे, पण उचलत नाहीत. बोलताना टाके सुटतात म्हणे. म्हणून गेल्या महिन्यात मी त्यांना पत्र पाठवलं. ते असं होतं.

तीर्थरूप काकांस,

सा. न. वि. वि.

आम्ही सगळे ठीक आहोत. वडलांचा पाय थंडीत थोडा दुखतो, पण गाडी तेच हाकतात. तुम्ही केलेला पट्टा आता दोनदा ठिगळ लावलेला आहे, त्यामुळं आणखी वंगाळ झालाय. आईला काळजी होती की फाटला तर काय, म्हणून तिनं तसाच दुसरा करून ठेवलाय. पेटीत नाही, गोठ्यात. त्यातली लाल ओळ मी काल उसवली.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. शनिवारी मी साताऱ्याहून मोटरसायकलवर गावी निघालो होतो. कऱ्हाड मागं पडलं आणि कडूस पडलं. समोर रस्ता मोकळा वाटत होता. एकदम पुढं एक आडवी पांढरी रेघ दिसली. मी वेग कमी केला. जवळ गेलो तर उसाची गाडी. मागं पट्टा होता. आपल्या गावची गाडी नव्हती, गाडीतळावरच्या ओळखीच्यांपैकी नव्हती. मी कधी न बघितलेला माणूस होता.

मी बाजूला थांबून विचारलं, "पावनं, ह्यो पट्टा कुठनं आणला?"

तो म्हणाला, "बायकूनं इनलाय. तिला तिच्या बहिनीनं शिकीवलं, तिला आनि कुनी तरी. लय वंगाळ हाय, पर दिसतंय."

मी त्याला तुमचं सांगणार होतो. पण काय सांगायचं, मेजर की नाईक, यात अडकलो आणि तो पुढं निघाला. मग मीही निघालो. थोडं पुढं जाऊन आरशात बघितलं. मागून एस.टी. येत होती. ती त्या गाडीच्या बरीच मागंच हळू झाली, लांबून वळसा घातला आणि नीट पुढं आली.

एवढंच कळवायचं होतं. काकींना नमस्कार.

तुमचा,
वरच्या खोलीतला